माझ्या नावापुढचा 'एल'

शुक्रवार, ७ जून २०२४. ऑफिसातून जरा लवकर सटकलो आणि घराजवळच्या शाळेत मतदानाला गेलो. डब्लिनमध्ये मतदान सकाळी सातला सुरू होतं आणि रात्री दहापर्यंत चालतं, त्यामुळे सुट्टीबिट्टीची भानगड नाही. शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर मुलांनी रंगवलेली चित्रं, खाली टेबलं, टेबलामागे दोन बायका आणि त्यांच्यापुढे मतदारयादी. माझ्या पुढच्या आजोबांना दोन मतपत्रिका मिळाल्या. एक स्थानिक कौन्सिलची, एक युरोपीय संसदेची. मग माझी पाळी आली. बाईंनी यादीवर पट्टी सरकवली, नाव शोधलं आणि माझ्या हातात एकच कागद ठेवला.

"तुमच्या नावापुढे 'एल' आहे ना," त्या अगदी अदबीनं म्हणाल्या, "तुम्हाला फक्त लोकल."

इथल्या मतदारयादीत आयरिश नागरिकाच्या नावापुढे काहीच नसतं. युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशाचा माणूस असेल तर 'ई', ब्रिटिश असेल तर 'डी', आणि उरलेल्या जगाला 'एल'. मी उरलेलं जग.

आता खरं म्हणजे तक्रार करायला मला तोंड नाही. आयर्लंड हा असा उदार देश आहे की इथे राहणाऱ्या अठरा वर्षांवरच्या कुणालाही, मग पासपोर्ट कुठलाही असो, स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. पुण्यात दहा वर्षं राहिलेल्या जर्मन माणसाला महापालिकेच्या निवडणुकीत मत देऊ द्यायचं, असं नुसतं म्हणून बघा घरी. तरीपण त्या दिवशी पेन्सिलीनं आकडे भरताना माझं लक्ष शेजारच्या खणात उभ्या असलेल्या आजोबांच्या दुसऱ्या कागदाकडे होतं. कारण माझ्या गल्लीतले दिवे ज्या कागदानं ठरतात तो मला मिळाला होता, पण मी सोमवार ते शुक्रवार जे काम करतो त्याचे नियम ज्या कागदानं ठरतात तो मिळाला नव्हता.

पुढची युरोपीय निवडणूक जून २०२९ मध्ये. अजून वेळ आहे, मला मान्य आहे. पण आमच्यासारख्यांना विचार आत्ताच करावा लागतो. का, ते पुढे सांगतो.

आधी हे सांगायला हवं की इथे या निवडणुकीबद्दल फार कुणाला पडलेली नाही. ऑफिसात जेवताना विषय काढला तर आयरिश सहकारी हसतात. युरोपीय संसद म्हणजे देशातल्या राजकारणातून बाजूला काढलेल्या नेत्यांची सोय, असं सर्वसाधारण मत. (आपल्याकडे राज्यसभेबद्दल जे बोलतात, तेच.) २०२४ मध्ये अख्ख्या युरोपात मतदान झालं सुमारे ५१ टक्के. म्हणजे दोघांतला एक जण घरीच बसला.

टीका करायला जागाही भरपूर आहे. ही जगातली एक विचित्र संसद आहे. तिला स्वतःहून कायद्याचा मसुदा मांडता येत नाही. तो मांडायचा युरोपीय आयोगानं, मग संसद आणि देशांच्या मंत्र्यांची परिषद दोघांनी मिळून त्यात फेरफार करायचे. रोजचं काम ब्रुसेल्समध्ये, पण करारात लिहिलंय म्हणून वर्षातून बारा वेळा पूर्ण अधिवेशन स्ट्रासबर्गला. चारशेहून जास्त किलोमीटर सगळे ७२० खासदार, त्यांचे मदतनीस, दुभाषे आणि कागदपत्रांच्या पेट्या इकडून तिकडे. आमच्या कंपनीत कुणी अशी आर्किटेक्चर डिझाईन केली असती तर पहिल्याच रिव्ह्यूत हाकललं असतं. वर २४ अधिकृत भाषा. त्यातली एक आयरिश, जिला सगळ्या सवलती काढून पूर्ण दर्जा मिळाला तो १ जानेवारी २०२२ ला. रोजच्या व्यवहारात आयरिश बोलणारे लोक आपल्या एखाद्या तालुक्याएवढेही भरतील की नाही शंका आहे, पण संसदेत तिला दुभाष्या आहे. मला हा खर्च अजिबात वाया गेलेला वाटत नाही, पण तो वेगळा विषय.

असो. मुद्दा असा की नावं ठेवायला सोपी असलेली ही संसद आमच्या धंद्यावर जेवढा परिणाम करते तेवढा दुसरी कुठलीच करत नाही.

सगळ्यात जुनं उदाहरण मला फार आवडतं. २००२ मध्ये आयोगानं एक मसुदा आणला, संगणकावर चालणाऱ्या 'शोधां'ना पेटंट देण्याबद्दल. सॉफ्टवेअरवाल्यांनी ओळखलं की याचा अर्थ उद्या एखादं बटण किंवा एखादा साधा अल्गोरिदमसुद्धा कुणाच्या तरी मालकीचा होऊ शकतो. मग मुक्त सॉफ्टवेअरची मंडळी आणि छोट्या कंपन्यांचे मालक, ज्यांनी जन्मात कधी राजकारण केलं नव्हतं, ते खासदारांना पत्रं लिहायला लागले, त्यांना भेटून पेटंट आणि कॉपीराइट यांतला फरक समजावायला लागले. २००३ मध्ये संसदेनं मसुद्यात इतके बदल केले की तो ओळखू येईना. मंत्र्यांच्या परिषदेनं ते बरेचसे बदल पुन्हा पुसून टाकले. आणि ६ जुलै २००५ ला संसदेनं तो अख्खा मसुदाच फेटाळला. विरोधात ६४८, बाजूनं १४, तटस्थ १८.

६४८ विरुद्ध १४! मी तेव्हा शाळेत होतो आणि कॉम्प्युटरवर पेंटब्रशमध्ये घर काढत होतो. युरोपातली पेटंट कार्यालयं आजही सॉफ्टवेअरशी संबंधित बरीच पेटंटं देतात, म्हणजे लढाई शंभर टक्के जिंकली असं नाही. पण तो दरवाजा कायद्यानं सताड उघडला गेला नाही. आज मी ओपन सोर्स लायब्ररी बिनधास्त वापरतो, त्यात त्या दिवशीच्या मतदानाचा थोडासा तरी वाटा आहे.

त्यानंतरचं तुम्हाला माहीतच आहे. प्रत्येक साईटवर कुकीचा खोका येतो म्हणून आपण जिला शिव्या घालतो (खोक्याचा कायदा खरं तर तिच्याही आधीचा) ती जीडीपीआर २५ मे २०१८ पासून लागू झाली. पुण्यात सर्व्हिस कंपनीत असताना त्या कायद्याच्या नावानं मी तीन शनिवार ऑफिसात काढलेत, तेव्हा मला युरोप नकाशावर नीट दाखवता आला नसता. फोनला यूएसबी-सी सक्तीचं करणारा कायदा: ४ ऑक्टोबर २०२२, बाजूनं ६०२, विरोधात १३. एआय कायदा: १३ मार्च २०२४, बाजूनं ५२३, विरोधात ४६. आमच्या टीमच्या बॅकलॉगमध्ये त्याच्या नावाचं एक आख्खं एपिक आहे. आणि कायदा झाला म्हणजे संपलं असंही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयोगानं 'डिजिटल ऑम्निबस' नावाचं गाठोडं मांडलं, त्यात एआय कायद्यातल्या काही तारखा पुढे ढकलण्याचा प्रस्ताव होता. म्हणजे पुन्हा संसद आणि परिषद.

किंवा हे घ्या. २०२२ मध्ये आयोगानं लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य शोधण्यासाठी लोकांचे मेसेज तपासायला लावता येतील असा प्रस्ताव आणला. हेतू चांगला, त्याबद्दल वाद नाही. पण एन्क्रिप्शन म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याच्या पोटात गोळा येईल अशी ती गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये संसदेनं भूमिका घेतली की एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड मेसेज यातून वगळा. मी आईला रोज रात्री व्हॉट्सॲपवर काय जेवलो ते कळवतो. त्यात सुरक्षित ठेवण्यासारखं काही नाही (बहुतेक वेळा खिचडी). पण ते कुणी वाचावं की नाही याचा निर्णय जिथे होतो, तिथे माझं मत नाही.

आयर्लंडच्या बाबतीत तर हे आणखी टोकाचं आहे. मोठ्या अमेरिकन कंपन्यांची युरोपातली मुख्य कार्यालयं डब्लिनमध्ये, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवायची मुख्य जबाबदारीही इथल्या डेटा संरक्षण आयोगाची. मे २०२३ मध्ये मेटाला १२० कोटी युरोंचा दंड झाला तो इथूनच. पन्नासएक लाखांचा देश, पण पंचेचाळीस कोटी लोकांच्या डेटाचा चौकीदार. अशा देशानं युरोपीय संसदेत १४ माणसं कोणती पाठवायची हा विषय जेवणाच्या सुट्टीत हसण्यावारी नेण्याचा आहे का? मला नाही वाटत.

१४ जागा तीन मतदारसंघांत विभागलेल्या आहेत. डब्लिन ४, दक्षिण ५, आणि मिडलँड्स-नॉर्थ-वेस्ट ५. ती निवडायची पद्धत ऐकून आपल्या लोकांना गंमत वाटेल, कारण ती आपल्याला माहीत आहे आणि माहीत नाहीही. चिन्हापुढे एक शिक्का असं नाही, तर १, २, ३, ४ असे पसंतीचे आकडे लिहायचे. आपल्याकडे राज्यसभा, विधानपरिषद, पदवीधर मतदारसंघ इथे हीच पद्धत. 'पहिल्या पसंतीची मतं', 'कोटा' हे शब्द आपण टीव्हीवर ऐकतो आणि चॅनल बदलतो. जून २०२२ मध्ये राज्यसभेला दुसऱ्या पसंतीच्या मतांवर धनंजय महाडिक जिंकले आणि संजय पवार हरले, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं ते गणित एक दिवस समजून घेतलं होतं. इथे ते साध्या मतदारासाठी आहे. डब्लिनच्या चार जागा, म्हणजे कोटा एकूण वैध मतांचा पाचवा हिस्सा अधिक एक. कुणी कोट्याच्या वर गेला तर त्याची जादा मतं पुढच्या पसंतीला, कुणीच गेलं नाही तर तळातला उमेदवार बाद आणि त्याची मतं वाटून टाकायची. अशा फेऱ्यांवर फेऱ्या. २०२४ मध्ये मिडलँड्स-नॉर्थ-वेस्टमध्ये २७ उमेदवार होते, मतपत्रिका हातरुमालासारखी उलगडायची. मतमोजणी पुढच्या आठवड्यात कितीतरी दिवस चाललेली, आणि ती सगळी हातानं.

आता तुम्ही म्हणाल, जगभरच्या सॉफ्टवेअर कंपन्या तिथे आणि मोजणी हातानं? मीही हेच म्हणालो होतो. तर त्याची एक कहाणी आहे. आयर्लंडनं मतदान यंत्रं घेतली होती, साधारण साडेसात हजार. २००२ मध्ये तीन मतदारसंघांत चाचणी झाली आणि जून २००४ च्या युरोपीय व स्थानिक निवडणुकीत ती देशभर वापरायची ठरलं. ऐनवेळी एका स्वतंत्र आयोगानं अहवाल दिला की ही प्रणाली बिनचूक आणि सुरक्षित असल्याची आम्ही खात्री देऊ शकत नाही. यंत्रं गोदामात गेली. गोदामाचं भाडं सुरू. अखेर २०१२ मध्ये ती भंगारात विकली. एकूण खर्च सुमारे साडेपाच कोटी युरो, भंगाराचे आले सुमारे सत्तर हजार.

इथले लोक हे वाया गेलेल्या पैशांचं उदाहरण म्हणून सांगतात. माझं मत उलटं आहे. ज्या सिस्टिमची तपासणी कुणीच करू शकत नाही ती प्रॉडक्शनला जाण्याआधी थांबवली, आणि थांबवायचा निर्णय डेडलाईनच्या दबावाखाली घेतला, हे मी आठ वर्षांच्या नोकरीत... जाऊ दे, असं घडताना मी पाहिलेलं नाही एवढंच म्हणतो :-) आणि हातमोजणी बघायला उमेदवारांची माणसं कठड्यापलीकडे उभी राहतात, वह्यांत रेघा मारत स्वतःचा हिशोब करतात. ते ज्यानं बघितलं त्याला 'ऑडिट' हा शब्द नव्यानं कळतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे लोकांनी नीट बघावी असं मला वाटतं. या संसदेत जागा लोकसंख्येच्या प्रमाणात नाहीत, आणि मुद्दाम नाहीत. कुठल्याही देशाला सहापेक्षा कमी नाहीत आणि शहाण्णवपेक्षा जास्त नाहीत, असं करारातच लिहिलंय. माल्टाला ६, जर्मनीला ९६. हिशोब केला तर माल्टाच्या माणसाचं मत जर्मन माणसाच्या मताच्या जवळजवळ नऊ-दहा पट वजनाचं. अन्याय आहे? आहे. पण जर्मनीनं तो करारावर सही करून स्वीकारलाय, कारण त्याशिवाय छोटे देश आत आले नसते. आपल्याकडे लोकसभेच्या राज्यवार जागा १९७६ पासून गोठवल्या, मग २००१ च्या घटनादुरुस्तीनं ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्या राज्यांनी जागा गमवाव्या का, हा वाद आपण टाळत आलोय. युरोपचं उत्तर जसंच्या तसं आपल्याला चालणार नाही, तो वेगवेगळ्या देशांचा संघ आहे आणि आपण एक देश आहोत. पण 'एक माणूस एक मत' हे तत्त्व आणि 'कुणी चिरडलं जाऊ नये' हे तत्त्व एकमेकांशी भांडतात, हे मोकळेपणानं मान्य करून आकडे ठरवता येतात, एवढं तरी यातून दिसतं.

आता माझ्याकडे येतो.

मी २०२२ मध्ये इथे आलो. २०२७ मध्ये पाच वर्षं भरतील आणि नागरिकत्वाचा अर्ज करता येईल. तो मंजूर झाला तर जून २०२९ मध्ये माझ्या नावापुढचा 'एल' गेलेला असेल आणि बाई मला दोन कागद देतील. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. म्हणजे भारताचा पासपोर्ट परत करायचा, ओसीआय घ्यायचं, आणि ओसीआयला भारतात मत नाही.

इथल्या मराठी मंडळींत हा विषय दर गणपतीला निघतो. चर्चा काय होते? किती देशांत व्हिसाशिवाय जाता येतं, विमानतळावर कुठली रांग छोटी, पुण्यातल्या फ्लॅटचं काय, शेतजमीन घेता येईल का. मोदकाच्या तिसऱ्या ताटापर्यंत मी वाट बघतो, पण 'मत' हा शब्द कुणी काढत नाही. गेल्या वेळी मी काढला तर एक काका म्हणाले, "अरे, आपल्या एका मतानं काय होतंय?" हेच काका सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या ठरावावर फेरमतमोजणी मागतात.

लंडनमधला माझा मामेभाऊ यावर मला चिडवतो. ब्रिटन संघात होतं तोवर तिथे राहणाऱ्या भारतीय नागरिकांना युरोपीय संसदेला मत देता यायचं, कारण भारत कॉमनवेल्थमध्ये. २३ मे २०१९ ला त्यानं भारतीय पासपोर्टवर युरोपचा खासदार निवडायला मत दिलं. त्याच दिवशी आपल्याकडे लोकसभेचा निकाल लागत होता, पठ्ठ्या एका हातात फोन धरून रांगेत उभा होता. आयर्लंड १९४९ मध्येच कॉमनवेल्थमधून बाहेर पडलेलं. म्हणजे ज्यांनी साम्राज्याशी नातं पुरतं तोडलं त्यांच्या देशात मला ते मत नाही, आणि ज्यांचं साम्राज्य होतं त्यांच्याकडे ते होतं. इतिहासाच्या अशा कोट्या मला पचायला वेळ लागतो.

दुसरी बाजूही बघायला हवी. आयरिश नागरिक होऊन उद्या मी चिंचवडला परत गेलो तर? आयर्लंड देश सोडून गेलेल्या आपल्या नागरिकांना साधारणपणे मत देऊ देत नाही, अठरा महिन्यांत परतायचा इरादा असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे तेव्हा मला इथेही मत नाही आणि तिथेही नाही. दोन कागदांच्या नादात हातात शून्य. हा धोका खरा आहे.

पण आजची स्थिती तरी काय आहे? अनिवासी भारतीयाला फॉर्म ६अ भरून नाव नोंदवता येतं, मात्र मत द्यायला प्रत्यक्ष केंद्रावर हजर राहावं लागतं. १३ मे २०२४ ला चिंचवडमध्ये मतदान होतं तेव्हा मी इथे रिलीजमध्ये अडकलो होतो. आई-बाबांनी शाई लावलेल्या बोटांचा फोटो पाठवला, मी त्यावर अंगठा दाखवला. तेवढाच माझा सहभाग. मुदत पूर्ण झाली तर २०२९ मध्ये लोकसभा एप्रिल-मेमध्ये आणि युरोप जूनमध्ये, पुन्हा लागोपाठ. एकीकडे ज्या देशात मी राहत नाही तिथलं मत, जे द्यायला मला विमानाचं तिकीट काढावं लागेल. दुसरीकडे जिथे कर भरतो, जिथे २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले आणि दूतावासाला 'निर्जन ठिकाणी जाऊ नका' अशी सूचना काढावी लागली, तिथलं मत, जे द्यायला शाळेपर्यंत पाच मिनिटं चालायचं. ज्यांना आम्ही इथे नकोत, त्यांना दोन्ही कागद मिळतात. आणि ते मत द्यायला जातात.

म्हणून मी २०२७ मध्ये अर्ज करणार आहे. छोट्या रांगेसाठी नाही. रांगेत उभं राहायची सवय आहे आपल्याला.

मागच्या रविवारी फोनवर बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं, चिडतील. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या यादीत तुझं नाव अजून आहे. एकशे बावन्न नंबरला मी, त्रेपन्नला आई, चोपन्नला तू. ते काढायचा काय तो फॉर्म असतो ना?"

"फॉर्म ७," मी म्हणालो.

"हां, तो. मी जाऊन देईन. पण लगेच नाही ना द्यायचा?"

"नाही बाबा, अजून वेळ आहे."

"मग राहू दे तोवर," म्हणाले, आणि आईकडे फोन दिला.